शिकत्या शिक्षकांचे स्वागत



मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरच्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या भोकर नगरीत शिक्षक संमेलनाची स्वागत समिती वाडी-तांड्यांवरच्या शाळांतून आलेल्या आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. या भागातल्या शाळांत घरी मराठी, तेलुगू, गोरमाटी बोलणारी मुले शिकतात. त्यांना शिकवायचे तर शिक्षकाला आधी स्वतः शिकत राहावे लागते.

त्याचा दाखला आपल्या नांदेडातच आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. १९५५ मध्ये ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. वाचन मात्र सुटले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून इतिहास-राजकारणापर्यंत त्यांचा अभ्यास पोचला. १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक झाले आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. परीक्षेतल्या अपयशाने त्यांचे शिकणे थांबले नाही आणि नोकरी मिळाल्यावरही ते संपले नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. हे तास हजेरीपटावर सहज भरता येतात. वर्गात त्यांचा उपयोग कसा होतो, हा खरा प्रश्न.

समजा, तिसरीतले मूल ५२ मधून २८ वजा करते आणि उत्तर लिहिते ३६. लाल फुली मारून पुढे जाणे सोपे आहे. पण ‘कसं काढलंस, सांग बरं’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला कळते, की मुलाने ८ मधून २ वजा केले, कारण लहान संख्येतून मोठी जात नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. मग दहा काड्यांचा एक गठ्ठा त्याच्यासमोर सोडायचा, सुट्या बारा काड्या त्यालाच मोजू द्यायच्या आणि त्यांतून आठ काढायला सांगायचे. हातच्याची वजाबाकी मुलाला समजते आणि मूल विचार कसा करते, हे शिक्षकाला समजते.

असे गवसलेले वाटून घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिली. आपल्याकडे वाटायला पैसा नसेल, अनुभव भरपूर आहे.

म्हणून स्वागत समितीची एकच विनंती आहे. केंद्रातल्या शाळांच्या पुढच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातले एक चुकलेले उत्तर सोबत आणावे. मूल त्या उत्तरापर्यंत कसे पोचले आणि आपण त्यावर काय केले, हे सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे, त्यांचेही ऐकावे. या संमेलनातल्या चर्चेची सुरुवातही अशाच उत्तरांनी करावी.