पोरगी परत आली, तर दार उघडं ठेवा
(संघटनेच्या महिला शिबिरात केलेलं भाषण)



जमिनीच्या शिबिरात पोरींचं काय काढलं, असं काहींना वाटेल. पण गोष्ट एकच आहे. प्लॉटवरचं पीक उपटलं जातं, भात पुरत नाही, मग पावसात आपण मुकादमाची उचल घेतो. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं घर वीटभट्टीवर. तिथंच कोणी मावशी भेटते. "शहरात घरकाम आहे, जेवून-खाऊन पगार." नाहीतर कोणी लग्नाचा येतो. देज रोख देतो, गावाचा पत्ता मात्र देत नाही.

मागल्या साली आमच्या पाड्यातली एक पोरगी अशीच गेली. अब्रू जाईल म्हणून आम्ही चार महिने गप्प. शेवटी ठाण्यात गेलो, तर म्हणाले, "पळून गेली असेल." आम्ही तिथंच बसून राहिलो, तेव्हा तक्रार लिहिली. पोरगी सापडली, घरी आली. आणि पंचांनी तिच्या बापाकडे दंड मागितला! विकणारीला दंड नाही, विकली गेली तिला दंड. तो आम्ही थांबवला. पण ती आजही पाण्याला एकटीच जाते.

म्हणून आम्ही ठरवलंय ते ऐका.

एक. कामाला जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मुकादमाचं नाव-गाव आणि भट्टीचा पत्ता संघटनेच्या वहीत लिहायचा. 18 वर्षांखालची पोरगी एकटी पाठवायची नाही.

दोन. पोरगी हरवली की त्याच दिवशी ठाण्यात जायचं, चौघांनी मिळून. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती घ्यायची. तक्रार घेत नसतील तर एस.पी.ला टपालाने पाठवायची.

तीन. 1956 चा अनैतिक व्यापाराचा कायदा आहे. सुटका केलेल्या बाईची विचारपूस बाई पोलिसानेच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या बाईसमोर. कार्यकर्त्या बायांनी हे ठाण्यात हक्काने सांगावं. घरी सोडण्याआधी मॅजिस्ट्रेट घरची चौकशी अशा संस्थेकडून करून घेऊ शकतो, कारण कधी घरच्यानेच विकलेलं असतं. तेव्हा शेजाऱ्याची भीड धरू नका, खरं तेच सांगा.

चार. तिला खोदून खोदून विचारायचं नाही. ती बोलेल तेव्हा ऐकायचं. तिचं नाव कुठं छापायचं नाही, या पत्रकातही नाही. दवाखान्यात सोबत जायचं, रेशनकार्डावर नाव ठेवायचं, आवणीला आपल्या टोळीत घ्यायचं.

जमिनीसाठी आपण मोर्चे काढतो, जेलात जातो. पोरीसाठी निदान पाणवठ्यावर तिच्यासोबत उभं राहू. उद्यापासून तिच्यासोबत आम्ही जाणार. तुमच्या पाड्यात कोण जाणार, ते इथंच सांगा.

जिंदाबाद!