बर्फ आधी, गरी मागून



कोकणात आणि गोव्यात हल्ली कयाक घेऊन गरवायला जाणारी मंडळी दिसू लागली आहेत. एका माणसाच्या या होडीवर सावली नसते. मासा पडतो तो पायांपाशी, नाहीतर पाठीमागच्या खळग्यात, आणि वर एप्रिलचं ऊन! थोड्याच वेळात बांगड्याचं पोट मऊ पडतं, कल्ल्यांचा लाल रंग विटतो.

काहीजण मासा दोरीत ओवून पाण्यात सोडतात. पण आपल्या समुद्राचं पाणी त्या दिवसांत २८ अंशांच्या आसपास असतं. मेलेल्या माशाला त्यात कसला गारवा?

बांगडा, सुरमई, कुपा यांना तर फार जपायला हवं. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जीवाणू या आम्लाचं हिस्टामीन करतात. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून किंवा उकळून जात नाही. वासावरून ते ओळखता येईलच असंही नाही. म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगतो: बर्फ बरोबर नसेल तर हे मासे धरूच नका.

मासा वर आला की डोक्यावर एकच नेमका घाव घाला, कल्ल्यांपाशी चीर देऊन रक्त वाहू द्या. तडफडत मेलेला मासा लवकर ताठतो आणि लवकर उतरतो. मग मासा लगेच बर्फाच्या पेटीत टाका. पेटीत दोन वाटे कुटलेला बर्फ आणि एक वाटा समुद्राचं पाणी असावं. बर्फाचे नुसते खडे माशाला जागोजागी टेकतात, मध्ये हवा राहते. हे पाणी मात्र त्याला अंगभर भिडतं, आणि खारं असल्यामुळे शून्याच्याही किंचित खाली उतरतं.

बर्फ किती घ्यावा? कागदावरच्या हिशेबात किलोभर बर्फ जवळजवळ तीन किलो मासे गार करतो. पण उन्हात पेटीही तापते, म्हणून जेवढे मासे तेवढा बर्फ धरून चला. पेटी जड होते, तेव्हा ती होडीच्या मधल्या रेषेवर, शक्य तितकी खाली बांधा.

आणि बर्फ संपत आला, तर मासे कितीही लागत असले तरी गरी गुंडाळा आणि किनाऱ्याला या.