‘शीक’ नव्हे, ‘शिका’

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला विषय दिलाय ‘व्यक्तिमत्त्व विकास’. फोर्टातल्या फुटपाथवर या विषयाची पुस्तकं ढिगाने पडलेली असतात. कुठलंही उचला, एकच सांगतं : दोष तुझ्यात आहे, तू बदल. पहाटे पाचला ऊठ. अरे, पहिली पाळी असली की आम्ही चारला उठतो. चारला उठून ज्याचा बंगला झाला असेल त्याने हात वर करावा.

मी मॅट्रिक शिकलेला गोदी कामगार, कविता लिहितो. पंडित नाही. ही तत्त्वज्ञानं मी माझ्या जगण्यावर घासून पाहिली, तेवढंच सांगतो.

पहिला सॅम्युअल स्माइल्स. त्याचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली निघालं. फुटपाथवरच्या सगळ्या पुस्तकांचा हा आजोबा. कष्ट कर, काटकसर कर, चिकाटी धर, वर येशील. शेठजी खूष! कारण मग जो वर आला नाही तो आपोआप आळशी ठरतो. माझ्या बापाने तीस वर्षं ओझी वाहिली. तो काय आळशी होता?

पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीची हकीगत कुणी सांगत नाही. लीड्स शहरात दोन-तीन गरीब पोरं हिवाळ्यात रात्री एकत्र बसायला लागली. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. पोरं वाढली, जागा पुरेना. तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्याने घेतली. कॉलऱ्याच्या साथीत तिथे हॉस्पिटल केलेलं, म्हणून ती कुणी घेत नव्हतं. जमता जमता शंभरेक जण झाले. त्यांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं आणि त्या भाषणांतून हे पुस्तक उभं राहिलं. म्हणजे ‘स्वतः वर ये’ सांगणारं पुस्तक जन्मलं कुठे? एकमेकांना हात देणाऱ्या पोरांच्या खोलीत! बाजाराने पुस्तक ठेवलं, खोली पुसून टाकली.

दुसरा अब्राहम मॅस्लो. १९४३ साली त्याने माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. आधी भूक, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, आणि शेवटी आपल्या अंगात जे आहे ते पुरतं फुलवणं. आमच्या ठेकेदाराने आणलेल्या एका साहेबाने याचा त्रिकोण फळ्यावर काढला आणि आम्हाला सकारात्मक व्हायला सांगितलं. टोळीत तेव्हा एकाकडे हातमोजे नव्हते. सुरक्षितता फळ्यावर होती, हातात नव्हती.

मॅस्लोचं एक पटतं : उपाशी माणसाला ध्यानधारणा शिकवू नये. हा क्रम लोखंडी नाही, हेही त्यानेच लिहिलंय. पण मालक लोक त्यातून सोयीचं काढतात : आधी पोटाचं बघा, मानाचं नंतर. १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेल्या आपल्या माणसांची पोटं काय भरलेली होती? त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की, ते पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नव्हतो; आपणही माणसं आहोत हे ठरवायला तिथे जायचं होतं. आपल्या लोकांनी उतरंड उलटी केली. आधी मान मागितला.

तिसरा बुद्ध. ‘स्वतःचा दीप व्हा’ हे त्याचं सांगणं आता कंपन्यांच्या भिंतीवरसुद्धा लागतं. पण आनंद म्हणाला की, चांगला सोबती म्हणजे अर्धी साधना. तेव्हा बुद्धाने त्याला थांबवलं : अर्धी नाही, सगळी. हे कुठल्या भिंतीवर लागत नाही. दिवा ज्याचा त्याने पेटवायचा. पण वारा सुटला की भोवती हात लागतात. म्हणून त्याने संघ काढला.

आणि १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेला मंत्र आपण मराठीत कसा म्हणतो? ‘शीक’ म्हणत नाही, ‘शिका’ म्हणतो. अनेकवचन आहे ते. लगेच पुढे ‘संघटित व्हा’ येतं.

आता माझं. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बारावीला बसतोय. पाळी करून एकटा वाचायला बसलो असतो, तर पुस्तकावरच झोपलो असतो. म्हणून आम्ही चौघं बसतो. नर्सिंग करणारी एक ताई इंग्रजी घेते, मी मराठी घेतो. क्रेनला सिग्नल देणाऱ्या दोस्ताचं गणित पक्कं. त्यानेच एका रात्री आमच्या पगाराच्या चिठ्ठ्या मांडल्या. प्रॉव्हिडंट फंडाची कपात आमच्या पगारातून होत होती, खात्यावर जमा होत नव्हती. एकट्याने विचारलं असतं तर उद्यापासून त्याला पाळी नाही. अकरा जणांनी एकदम विचारलं. पैसे अजून पुरते आलेले नाहीत. पण ‘ए’ म्हणणारा मुकादम आता नावाने हाक मारतो. माझा विकास झाला असेल तर तो इथे झाला.

एक मात्र ऐका. स्वतःवर मेहनत घ्यायची नाही, असं मी म्हणत नाही. रात्री गुत्त्यावर बसून व्यवस्थेला शिव्या घालणं म्हणजे बंड नाही. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रत्येकाने आपापल्या तोंडाने घ्यायची आणि आपापल्या हाताने पाळायची. तिथे संघटना तुमच्या वतीने काही करू शकत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी याच खोलीत बसू. ज्याला जे येतं ते त्याने घेऊन यावं. आणि पगाराची चिठ्ठी विसरू नका.

जयभीम.