मासिक वर्गणीवाचून चित्रमुद्रण

संसारात विकत घेतलेल्या वस्तूंचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पितळेची घागर एकदा घेतली की ती घरची झाली. तिचे मोल पुन्हा कोणी मागावयास येत नाही. विजेचा दिवा मात्र घरात टांगलेला असूनही दरमहा आपले देणे मागतो. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम साठवून ठेवणारे यंत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला रेकॉर्डर म्हणतात ते, या दोहोंपैकी कोणत्या वर्गातले घ्यावे, हा प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच सोडविण्यासारखा आहे. कारण एकाच आकाराच्या व एकाच रंगाच्या दोन पेट्या शेजारी मांडल्या, तर त्यांतली एक घागरीच्या जातीची असते व दुसरी दिव्याच्या. आणि वरून पाहणारास हा भेद मुळीच दिसत नाही.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला एक निराळेच महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा हे दोन्ही जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील अनेक घरांची बोली मराठीच राहिली. येथील माणूस कचेरीत कन्नड बोलतो, बाजारात दखनी हिंदी बोलतो आणि उंबरा ओलांडून आत आला की मराठी बोलतो. त्याचे सोयरे उदगीरला असतात, अक्कलकोटला असतात. मुले मात्र पुष्कळदा कन्नड शाळेत जातात. यात कोणत्याही भाषेविषयी वैरभाव नाही. बसवेश्वरांच्या कल्याणनगरीच्या परिसरात दोन भाषा एका चुलीभोवती सुखाने बसतात. प्रश्न एवढाच की, घरातील बोलीपलीकडचे प्रौढ मराठी मुलांच्या कानांवर कोठून पडावे? वर्तमानपत्र, कीर्तन आणि दूरचित्रवाणी, एवढीच दारे आता उरली आहेत.

या तिन्हींपैकी दूरचित्रवाणीचे दार फार थोडा वेळ उघडे असते. कार्यक्रमाची वेळ मुंबईत ठरते, आणि शेतकऱ्याची वेळ पाऊस व पीक ठरविते. तुरीची रास चालू असता, अथवा उसाची गाडी भरावयाची असता, सायंकाळी अमुक वाजता घरी या, असे कोणाला सांगता येत नाही. आषाढी एकादशीस पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटेच्या अंधारात होते. ती पाहण्याची घरातल्या वृद्धांना उत्कंठा असते. परंतु त्या वेळी सारे घर जागे राहू शकत नाही. जो कार्यक्रम निसटला तो निसटला. तो धरून ठेवणे, एवढेच रेकॉर्डरचे काम.

दूरचित्रवाणीचे हे निसटणे या भागाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभविलेले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह मागून घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविली. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते. तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट रुंदीची डिश, गावात एकच सार्वजनिक संच, आणि रोजचे सुमारे चार तासांचे कार्यक्रम, अशी ती योजना होती. वर्ष सरले, उपग्रह आपल्या मालकाकडे परत गेला आणि तो प्रयोग थांबला. १९७७ मध्ये गुलबर्ग्यास प्रक्षेपण केंद्र निघाले, तेव्हा दूरचित्रवाणीस स्थानिक आधार मिळाला. उसनी वस्तू कितीही उंचावरून चालत असली, तरी मालकाने हात काढून घेतला की ती थांबते, हा त्या वर्षाचा धडा रेकॉर्डर निवडतानाही उपयोगी पडतो.

यंत्राची निवड करण्यापूर्वी चित्र कोठून येणार, हे ठरवावे लागते. गच्चीवरची जुनी काट्यांची अँटेना आता बहुतेक ठिकाणी निरुपयोगी झाली आहे. कारण दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरील प्रक्षेपणे २०२२ च्या मार्चपर्यंत, काही थोडी केंद्रे वगळता, बंद करण्यात आली. त्यामुळे माळ्यावर ठेवलेला जुना व्हीसीआर काढून त्यावर मुद्रण करण्याची आशा धरू नये. आता तीन मार्ग उरतात: केबल किंवा खाजगी डिश, इंटरनेट, आणि प्रसार भारतीची डीडी फ्री डिश.

पहिल्या मार्गात दरमहा रिचार्ज आहे. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्या १०० वाहिन्यांसाठी केवळ जोडणीचे कमाल शुल्क दरमहा १३० रुपये होते. १८ टक्के कर मिळवून ते १५३ रुपये ४० पैसे झाले. त्या दराने पाच वर्षांत ९,२०४ रुपये होतात. आणि पैसे देऊन पाहावयाच्या वाहिन्यांचे मोल त्यात धरलेलेच नाही. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. परंतु पैशांहूनही मोठी अडचण दुसरीच आहे. अशा पेटीत साठविलेले कार्यक्रम सामान्यतः सांकेतिक कुलपात बंद असतात. ते त्याच पेटीत पाहावयाचे. दुसऱ्या संचावर किंवा संगणकावर ते उघडत नाहीत. पेटी बिघडली, बदलली किंवा वर्गणी खुंटली, की साठवण असूनही ती हाती लागेलच याची शाश्वती नसते. घरातली वस्तू, परंतु किल्ली परक्याच्या कमरेला, असा हा प्रकार होय.

हा प्रश्न केवळ या देशातला नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये टिव्हो नावाचा रेकॉर्डर निघाला. कार्यक्रमांचे वेळापत्रक तो स्वतः मिळवी व त्यानुसार मुद्रण करी. परंतु त्या वेळापत्रकासाठी दरमहा वर्गणी होती, अथवा यंत्राच्या आयुष्यभराची वर्गणी एकदम भरावी लागे. त्याच सुमारास आलेल्या रिप्ले टीव्हीने प्रथम सेवेचे मोल यंत्राच्या किमतीतच धरले होते. तेव्हापासून ग्राहकापुढे हाच पेच उभा आहे: सोय विकत घ्यावी की भाड्याने?

दुसरा मार्ग इंटरनेटचा. दूरदर्शनचे पुष्कळ कार्यक्रम तेथे विनामूल्य पाहता येतात, ही गोष्ट खरी आहे, आणि ज्यांच्या घरी चांगली जोडणी आहे त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि मोबाइलचा रिचार्ज हीही वर्गणीच होय. शिवाय तेथे ठेवलेली वस्तू ठेवणाराच्या मर्जीवर राहते. आज दिसली ती उद्या दिसेलच, असे नाही.

तिसरा मार्ग डीडी फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री, तार आणि पेटी यांचा खर्च एकदाच करावयाचा. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून बीदर व कलबुर्गी येथे छत्रीचे तोंड आग्नेयेकडे राहते. त्या बाजूला लिंबाचे किंवा चिंचेचे झाड आले असेल, तर पेटी बदलून काही लाभ नाही. छत्रीची जागाच बदलावी लागेल. जोराचा पाऊस आला की चित्र तुटते, हेही गृहीत धरावे.

या सेवेसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक पेट्यांना पेनड्राइव्ह लावण्याची खाच असते, व खोक्यावर ‘रेकॉर्डिंग’ असे ठळक छापलेले असते. त्या छापील शब्दावर विश्वास ठेवू नये. दुकानातच दहा मिनिटांचे मुद्रण करवून घ्यावे, पेनड्राइव्ह काढावा आणि तो दुसऱ्या संचाला किंवा संगणकाला लावून पाहावा. तेथे चित्र व आवाज दोन्ही उघडले, तर ती साठवण घेणाराची झाली. उघडले नाहीत, तर ती पेटी वर्गणी मागत नसली तरी मालकीही देत नाही. ही एकच कसोटी इतर दहा गुणांच्या बरोबरीची आहे. पुष्कळ नव्या दूरचित्रवाणी संचांतही मुद्रणाची सोय असते, परंतु त्यांचे मुद्रण बहुधा त्याच संचापुरते बांधलेले असते. म्हणून त्यांनाही हीच कसोटी लावावी.

यानंतर वेळ लावण्याची सोय पाहावी. पेटी बंद केल्यावर ठरल्या वेळी ती स्वतः जागी होते काय, आणि दर आठवड्याचा कार्यक्रम एकदा सांगून पुन्हा पुन्हा धरते काय, हे विचारावे. काही पेट्यांचे घड्याळ वीज गेली की चुकते, आणि उपग्रहाकडून वेळ मिळेपर्यंत ते सुधारत नाही. खेड्यांत हा दोष लहान नव्हे. मुद्रण चालू असता वीज गेली, तर पुढचा भाग तर हातचा जातोच. कधी कधी आधीचा भागही उघडत नाही. पेटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी असल्यास तिला लहान बॅटरीचा आधार देणे सोपे जाते. घरी इन्व्हर्टर असेल, तर छत्रीला जोडलेली पेटीही त्यावर घ्यावी. केवळ पंखा व दिवे घेऊन भागत नाही.

एक वाहिनी पाहत असता दुसरी मुद्रित करावयाची असेल, तर दोन ट्यूनरची पेटी लागते. साध्या पेटीत एकच ट्यूनर असतो. मुद्रण चालू असता बहुधा तीच वाहिनी पाहावी लागते. घरात एकच संच असेल आणि आजोबांना सह्याद्री व नातवाला चंदना पाहावयाची असेल, तर हा मुद्दा कलहाचे कारण होऊ शकतो. दुकानदाराने या दोन्ही वाहिन्या पेटीवर दाखविल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये. कारण फ्री डिशवरील काही वाहिन्या जुन्या बनावटीच्या पेटीत उतरत नाहीत. खाजगी वाहिन्यांच्या जागा तर लिलावाने दिल्या जातात. त्यांतली अमुक वाहिनी पुढील वर्षी राहीलच, असे धरून पेटी घेऊ नये.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. साध्या वाहिनीचे चित्र सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट या वेगाने येत असेल, तर एका तासाला ९०० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर तीस तासांहून अधिक मजकूर मावतो. वेग दुप्पट असेल, तर तास निम्मे होतात. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल, तर त्यावर चार गिगाबाइटहून मोठी एकसंध फाइल राहत नाही; लांब कीर्तनाचे किंवा नाटकाचे तुकडे पडतात. हे तुकडे जोडून सलग चालतात की दुसऱ्या तुकड्यापाशी पेटी थबकते, हेही तपासावे. मोठी हार्डडिस्क लावण्याचा विचार असेल, तर तिला स्वतंत्र वीजपुरवठा असावा. कित्येक पेट्यांच्या खाचेतून तिला पुरेल एवढी वीज मिळत नाही. आणि घरातला संच जुना असेल, तर तीन रंगी पिनांची वायर पेटीला लागते की नाही, हे पाहण्यास विसरू नये.

कायद्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ३९ व्या कलमाने, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणामुळे प्रक्षेपण करणाराच्या हक्काचा भंग होत नाही, असे मानले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण न्याय्य ठरविले होते. घरी पाहणे व घरी जपणे निराळे. त्याच्या प्रती काढून जत्रेत विकणे किंवा इंटरनेटवर चढविणे निराळे. ही मर्यादा पाळावी.

मुद्रण झाले की काम संपत नाही. पेनड्राइव्ह ही कायमची तिजोरी नव्हे. ती उष्णतेने, धक्क्याने, कधी विनाकारणही बिघडते. जे ठेवावयाचे त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, आणि प्रत्येकीवर कार्यक्रमाचे नाव व तारीख लिहिलेली असावी. सगळेच साठवीत गेल्यास काहीच सापडत नाही. म्हणून महिनाअखेरीस निवड करून बाकीचे पुसून टाकावे.

तात्पर्य, पेटीची चमक, रिमोटवरील बटणांची संख्या किंवा पहिल्या तीन महिन्यांची सवलत यांवर निवड करू नये. एकदाच मोल, साठवण दुसरीकडे उघडणारी, घड्याळ वीज गेल्यावर सावरणारे आणि सह्याद्रीचे चित्र स्वच्छ दाखविणारी, एवढे चार गुण ज्या पेटीत सापडतील ती साधी असली तरी चालेल. भालकीच्या किंवा आळंदच्या एखाद्या घरात कन्नड शाळेतून परतलेली मुलगी रविवारी दुपारी आजीजवळ बसून मागच्या आठवड्याचे मराठी व्याख्यान ऐकते, न कळलेला शब्द तेथेच थांबवून विचारते आणि पुन्हा मागे नेऊन ऐकते, हे त्या पेटीचे खरे उत्पन्न होय. आणि ते दर महिन्याच्या रिचार्जवर अवलंबून असू नये.