लाटेबरोबर वाहू नका
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)





आज मी एका साथीविषयी दोन शब्द बोलणार आहे. ही साथ नकलेची आहे. एकाने मोबाईलवर काही टाकावे आणि चार दिवसांत लाखोंनी तेच बोलावे, तेच खावे! आपली मुले ज्याला 'मीम' म्हणतात तो शब्द मोबाईलपेक्षा कितीतरी जुना आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी तो १९७६ साली आपल्या पुस्तकात योजला. नकलेने एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी कल्पना, असा त्याचा अर्थ. अशी कल्पना पसरायला ती खरी असावी लागत नाही; नक्कल करायला सोपी असली की पुरे.

लाट नेहमी वाईटच असते असे नाही. २०१४ साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याची लाट आली. त्यातून मज्जासंस्थेच्या एका दुर्धर रोगावरील कार्यासाठी अमेरिकेत दहा कोटी डॉलरहून अधिक निधी जमला.

पण काळ्या खाद्यपदार्थांची लाट पाहा. काळे आइस्क्रीम, काळा पाव, काळे सरबत! फोटो छान येतो आणि शरीरातील विष निघून जाते म्हणे. हा काळा रंग बहुधा सक्रिय कोळशाचा असतो. नारळाच्या करवंट्या किंवा लाकूड यांपासून, फार मोठी उष्णता देऊन तो तयार करतात. त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. काही विषबाधांत डॉक्टर तो रोग्याला देतात, कारण पोटातील विष त्याला चिकटते. मात्र विष कोणते आणि औषध कोणते, हे कोळशाला कळत नाही. रोज गोळी घेणाऱ्या माणसाने हौसेने असा पदार्थ खाल्ला, तर गोळीचा गुण कमी होऊ शकतो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ साली खाद्यपदार्थांत त्याचा वापर करण्यास मनाई केली.

मित्रहो, समोर येईल ते शोषून घेणारे मनही या कोळशासारखेच असते. ऑगस्ट २००६ मध्ये आपल्या मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. लोकांनी बाटल्या भरल्या, ते पाणी स्वतः प्यायले, मुलांनाही पाजले. शहराचे सांडपाणी याच खाडीत येते, याचा विचार त्या गर्दीत किती जणांनी केला? नंतर हातोहाती मोबाईल आले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश सुटले, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण बोट आपले आहे. त्याला मर्यादा आपणच घालायला हवी.

आपल्याला हे नवे नाही. कुराण शरीफमधील सूरा अल्-हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या खबरीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान होईल आणि पस्तावण्याची पाळी येईल. राईनपाड्यात नेमके हेच घडले.

विद्यार्थ्यांनो, कोणतीही गोष्ट पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हे मुळात कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? खोटे निघाले तर कोणाचे नुकसान होईल? उत्तर मिळाले नाही तर तो संदेश आपल्यापाशीच थांबू द्या.

पालकहो, मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावून हा विवेक येणार नाही. त्याच्याजवळ बसा, हे प्रश्न त्याच्याबरोबर विचारा. आणि 'सवाब मिळेल, दहा जणांना पाठवा' असे संदेश घराघरांत बहुधा आपण वडीलधारी मंडळीच पाठवतो, हेही लक्षात असू द्या. मूल आपले पाहूनच शिकते.

शाळेची इमारत, निकाल, बक्षिसे यांचा आपल्याला अभिमान आहेच. पण ऐकलेले पारखून घेणारा मुलगा आणि मुलगी आपल्या शाळेतून बाहेर पडली, तर संस्थेचे श्रम खऱ्या अर्थाने सार्थकी लागले असे मी समजेन.