आपल्या गाण्याचे शब्द
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे टिपण)



गाणे कसे गावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बँकेतले कारकून. ऐकलेल्या गाण्याविषयी, पाहिलेल्या खेळाविषयी कोणत्या शब्दांत बोलावे व लिहावे, एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे आहे.

जयंती महोत्सवाचा कोणताही अहवाल काढून पाहा. ‘भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम झाला, श्रोते मंत्रमुग्ध झाले’, एवढेच त्यात असते. कोण गायले, चाल कोणती होती, ढोलकीवर कोण होते, झील कोणी धरली, यातले काही कळत नाही. हिशेबात ज्या खर्चाला नेमके खाते सापडत नाही तो ‘किरकोळ’ खाती टाकतात. चार वर्षांनी तो कशाचा होता, हे कोणालाच सांगता येत नाही. आपले गाणे आपण असेच ‘किरकोळ’ खाती टाकत आलो आहोत.

शेजारच्या संगीत नाटकाचे उदाहरण घेऊ. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. तेव्हापासून नांदी, पद, साकी, दिंडी हे शब्द लोकांच्या तोंडी बसले. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. पुढे त्यांनी आपल्या संगीतप्रवासावर पुस्तकही लिहिले. कोणत्या नटाने कोणते पद कसे खुलवले याच्या नोंदी झाल्या, म्हणून आज त्यावर प्रबंध लिहिता येतात. ते संगीत थोर होते यात शंका नाही, पण त्याच्या पाठीशी लिहिणारी माणसेही होती.

आपल्याकडे शब्द नव्हते काय? भरपूर होते. तमाशाचीच बांधणी पाहा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात देवाचे स्तवन, गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशीची थट्टामस्करी, बतावणीत हजरजबाबी विनोद, वगात कथानक. कलावंतांना सरदार, सोंगाड्या, नाच्या, सुरत्या अशी नावे. तमाशा ज्यांनी जगवला त्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजाचे कलावंत मोठ्या संख्येने होते. हे शब्द त्यांच्या रोजच्या कामातून आले आहेत.

वाद्यांचेही तसेच. ढोलकीच्या शाईच्या बाजूवर थाप पडते आणि दुसऱ्या बाजूतून घुमारा निघतो. हलगी कडाडते, पण त्याआधी ती विस्तवावर शेकावी लागते, म्हणजे कातडे ताणले जाते. तुणतुण्याला एकच तार, ती गाणाऱ्याला सुराचा आधार देते. ‘वाद्यवृंदाने सुंदर साथ केली’ या वाक्यात यातले काही उरते काय?

‘झील’ हा शब्द घ्या. हल्ली आपण सरसकट ‘कोरस’ म्हणतो. कोरस म्हणजे अनेकांनी एक ओळ मिळून गाणे. झीलकरी तसे गात नाही. मुख्य गायकाची ओळ संपता संपता तिचे टोक तो उचलतो, उंच सुरात लांबवतो आणि गायकाला श्वास घ्यायला उसंत देतो. दोन्ही कामे वेगळी आहेत. शब्द गेला की तो फरकही कानाला कळेनासा होतो.

‘चाल’ या शब्दावरून आपल्याला टोमणेही ऐकावे लागतात. गाण्यांच्या छोट्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असे छापलेले असते. काही विद्वान याला नक्कल म्हणतात. पण ज्या वस्तीत पेटी नव्हती, स्वरलिपी वाचणारे कोणी नव्हते, तिथे ओळखीच्या चालीचे नुसते नाव दिले की त्याच रात्री दहा माणसे ते गाणे म्हणू शकत. ती एक सोय होती, आणि तिच्यामुळे विचार घरोघर पोहोचला.

आता जलसा. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याच्या प्रचारकांनी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सोंगाड्याचा विनोद राहिला, शृंगार गेला. वगात मुलांना शाळेत घालण्याचा, मेलेली जनावरे न ओढण्याचा, अंधश्रद्धा सोडण्याचा विषय आला. हे आपल्याला आज सांगता येते, कारण भीमरावांनी स्वतः १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले. ज्यांनी लिहिले नाही, अशा किती शाहिरांचे जलसे त्यांच्याबरोबर गेले असतील!

विद्यार्थी मित्रांनी एक लक्षात ठेवावे. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे दोघेही नाशिक जिल्ह्यातले, पण व्यक्ती वेगळ्या. पहिले जलसाकार, दुसरे गीतकार-गायक. जलशात गाणे, संवाद आणि विनोद यांचा मिळून एक खेळ होतो, तर गायन पार्टीत गाण्यालाच प्राधान्य असते. दोन्हींना ‘भीमगीतांचा कार्यक्रम’ म्हटले की हा भेद पुसला जातो.

नावांत मानापमानही असतो. ‘जलसा’ आणि ‘तमाशा’ हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले. पहिल्याचा अर्थ बैठक, दुसऱ्याचा पाहण्याजोगा देखावा. पण घरात भांडण झाले की आपण म्हणतो, ‘तमाशा करू नकोस’. कलावंतांच्या कलेचे नाव शिवीसारखे वापरले गेले. अण्णाभाऊ साठे यांनी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ केला, त्यामागे ही प्रतिष्ठेची लढाई होती. तरीही जुना शब्द टाकून द्यावा असे आम्हांस वाटत नाही. त्याला चिकटलेली तुच्छता तेवढी टाकावी.

शेवटी एक विनंती. यंदापासून संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाची एका वहीत नोंद व्हावी. गाणे कोणाचे, चाल कोणती, गायक कोण, ढोलकी कोणाची, झील कोणाची. वस्तीतल्या वृद्ध ढोलकीवाल्यांकडे, झीलकऱ्यांकडे विद्यार्थ्यांनी जाऊन बसावे आणि ते जो शब्द वापरतील तोच लिहून घ्यावा, सुधारू नये. हे काम पैशाचे नाही, पण वेळेचे मात्र आहे, कारण ती माणसे आता थकली आहेत.



जयभीम! जय भारत!