हंसांतील चंचल तारा

शरद ऋतूंतील संध्याकाळीं डोक्यावरून किंचित् उत्तरेस हंस हा तारकासमूह दिसतो. त्यांतील डेनेब या ठळक ताऱ्याच्या पूर्वेस, नुसत्या डोळ्यांस कधींहि न दिसणारा एक तारा आहे. ज्योतिर्विद त्यास एस्. एस्. सिग्नी म्हणतात. १८९६ सालीं हार्वर्ड वेधशाळेंतील लुईसा वेल्स यांनीं आकाशाचीं छायाचित्रें तपासतांना तो शोधून काढला. एरव्हीं तो १२व्या प्रतीचा, म्हणजे सहा इंची दुर्बिणींतूनहि जेमतेम दिसणारा. पण सरासरी सात-आठ आठवड्यांनीं तो एक-दोन दिवसांत सुमारें चाळीसपट उजळतो आणि पंधरवड्याच्या आंत पुन्हां विझूं लागतो. ही सरासरी मात्र फसवी आहे. कधीं तीन आठवड्यांतच पाळी येते, कधीं तीन महिने वाट पाहावी लागते.

दिसण्यांत एक असलेला हा तारा वस्तुतः जोडतारा आहे. त्यांपैकीं एक श्वेतबटु: वस्तुमान सूर्याच्या जवळपास, आकार मात्र पृथ्वीएवढा. दुसरा सूर्याहून थंड व नारिंगी. साडेसहा तासांच्या सुमारास दोघांची एक प्रदक्षिणा पुरी होते. इतक्या सलगीमुळें थोरल्या आकाराच्या सोबत्याचें वायुद्रव्य श्वेतबटूकडे ओढलें जातें. तें सरळ खालीं कोसळत नाहीं. न्हाणीच्या मोरीशीं पाणी जसा भोंवरा घेतें, तसें तें श्वेतबटूभोंवतीं फिरत राहून त्याची एक तबकडी बनते. तींत द्रव्य सांचत जातें. उष्णता विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली म्हणजे वायूंतील अंतर्गत घर्षण एकदम वाढतें, सांचलेला माल वेगानें आंत घसरतो, आणि तबकडी झळाळून उठते.

या उपपत्तीवर मध्यंतरीं मोठेंच संकट आलें. हबल दुर्बिणीच्या वेधांवरून या ताऱ्याचें अंतर ५०० प्रकाशवर्षांहून अधिक ठरलें. तारा इतका दूर असेल तर तो मुळांत फारच तेजस्वी असला पाहिजे, म्हणजे तबकडींत द्रव्याचा ओघ इतका मोठा कीं ती सदाच तापलेली राहावी. मग उद्रेक व्हावेत कशाला? अंतर तरी चुकीचें किंवा उपपत्ति तरी.

निकाल रेडिओ-लहरींनीं लावला. पण हा तारा मोजण्याजोग्या रेडिओ-लहरी सोडतो तो उद्रेकाच्या वेळींच, आणि उद्रेक केव्हां होईल तें सांगतां येत नाहीं. तेव्हां २०१० ते २०१२ या काळांत निरनिराळ्या देशांतील हौशी वेधक रात्रंदिवस पाळीनें पहारा करीत. तारा उजळूं लागल्याची वर्दी त्यांनीं द्यावी आणि रेडिओ-दुर्बिणी तिकडे वळवाव्यात, असा तो बेत होता. २०१३ सालीं अंतर प्रसिद्ध झालें: सुमारें ३७० प्रकाशवर्षें. उपपत्ति वांचली.

वेध घेण्याची रीत साधी आहे. ज्यांची प्रत निश्चित ठाऊक आहे अशा शेजारच्या ताऱ्यांशीं तुलना करावयाची, आणि प्रत व वेळ टिपून ठेवावयाची. अडचण असते ती मनाची. कालचा आंकडा आठवला कीं डोळा आज तोच पाहूं लागतो. म्हणून जुनी वही उघडूं नये, हें बरें. अशा नोंदी एकत्र करण्यासाठीं १९११ सालीं अमेरिकेंत रूपविकारी ताऱ्यांच्या वेधकांची संस्था स्थापन झाली. बंगालमधील जेसोर येथें सरकारी तिजोरींत नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनीं तिच्याकडे ३७,००० वर वेध धाडले. संस्थेनें त्यांच्यासाठीं अमेरिकेहून दुर्बीण पाठविली होती.

एस्. एस्. सिग्नीच्या नोंदवहींत सव्वाशें वर्षांचा इतिहास असूनहि २०२१ च्या आरंभीं त्यानें वेधकांस चकविलें. तो पुरता विझेना, पुरता उजळेहि ना. नेहमीचे उद्रेक सोडून मधल्याच तेजावर घुटमळत राहिला. असें पूर्वीं त्याच्याकडून कधीं घडलें नव्हतें, हें छातीठोकपणें सांगतां आलें तें त्या वह्यांमुळेंच.